सव्वा महिन्यानंतर: नाशिकमधील नव्या आयांसाठी व्यायामाचे आणि बाळाच्या निर्णयांचे मार्गदर्शन

बाळ घरी आले की त्याच्याविषयी सल्ला देणारे दहा जण भेटतात, परंतु बाळंतिणीला शिंकताना लघवी सुटते का, उठताना पोटात ओढ बसते का, हे विचारणारे घरात सहसा कोणी नसते. सव्वा महिना पुरा झाला की ती 'मोकळी' झाली असे मानले जाते. नेमके त्याच सुमारास वजन कमी करण्याची घाई, बाळाचे लसीकरण, रात्रीचे जागरण आणि घरातील मतभेद असे सगळे एकदम अंगावर येते. माझे माहेर निफाड तालुक्यातील, सासर इंदिरानगरचे. पहिले बाळंतपण नैसर्गिक झाले आणि दुसऱ्या वेळी सिझेरियन करावे लागले. दोन्ही वेळच्या चुका आणि डॉक्टरांकडून शिकलेल्या गोष्टी यांवरून, प्रथमच आई झालेल्या स्त्रियांसाठी ही वाटचाल क्रमाने लिहीत आहे.

आरंभीच एक नियम सांगते, कारण पुढील प्रत्येक टप्प्यावर तोच लागू पडतो. एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर तीन दिवस थांबून पाहावे. नवा व्यायाम, चालण्याचे वाढवलेले अंतर, बाळाच्या झोपेची बदललेली वेळ, सहा महिन्यांनंतरचे नवे अन्न, या सर्वांना हाच नियम लावावा. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या आणि बाळ रात्रभर रडले किंवा तुमची कंबर धरली, तर कारण कोणते हे शेवटपर्यंत कळत नाही. यासाठी एक साधी वही उशाशी ठेवावी. मी दोनशे पानी वहीची पाने दुभागली होती. डावीकडे बाळाचे दूध, शी-शू आणि झोप, तर उजवीकडे माझे चालणे, रक्तस्राव, वेदना आणि गोळ्या.

पहिला सव्वा महिना

या काळातील व्यायाम हा व्यायामासारखा दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. प्रसूतीच्या दुसऱ्या दिवसापासून पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवावीत, कारण पायांतील रक्त साकळण्याचा धोका या आठवड्यांत अधिक असतो. दीर्घ श्वास घ्यावा आणि सोडताना पोट अलगद आत घ्यावे. लघवीची नळी काढल्यानंतर, वेदना नसतील तर, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करता येतो. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखून धरतो आहोत अशा रीतीने, श्वास सोडत ते स्नायू आत आणि वर ओढावेत, तीन ते पाच सेकंद धरावेत आणि मग पूर्णपणे सैल सोडावेत. सैल सोडणे हे धरण्याइतकेच महत्त्वाचे असते आणि बहुतेकींचे नेमके तेच राहून जाते. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. मात्र प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून त्याचा सराव करू नये. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते. त्यांपैकी सकाळचे, दुपारचे आणि संध्याकाळचे एकेक पाजणे या व्यायामासाठी ठरवून टाकले की वेगळा वेळ काढावा लागत नाही.

अंथरुणातून सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने वर यावे. सिझेरियन झाले असल्यास खोकताना किंवा हसताना टाक्यांवर उशी दाबून धरावी आणि सहा आठवडे बाळापेक्षा जड काहीही उचलू नये. घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो, त्यामुळे तो हलवण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी करायचे आहे, हे घरात आधीच ठरलेले असावे.

पोटपट्ट्याविषयी प्रत्येकीला प्रश्न असतो. त्याने आधार वाटतो, विशेषतः सिझेरियननंतर चालताना, परंतु पोट आत जाणे किंवा स्नायूंमधील फट बुजणे हे त्याचे काम नव्हे. करकचून बांधल्यास सगळा दाब खाली ओटीपोटाच्या तळावर येतो. उभे राहताना आणि चालताना वापरावा, जेवताना व झोपताना सोडावा.

मालिशवाल्या मावशी येत असतील तर त्यांना जरूर येऊ द्यावे. बाळंतिणीच्या पाठीला आणि खांद्यांना त्यांच्या हाताने जो आराम मिळतो, तो मला दुसऱ्या कशानेही मिळाला नाही. टाक्यांवर मात्र सहा आठवडे तेल-मालिश नको, आणि एका पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल तर तिथे चोळण्याऐवजी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शेक-शेगडीच्या बाबतीत मी कठोर आहे. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, निफाडला तर त्याहूनही खाली, आणि मग दारे-खिडक्या लावून खोलीत निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकले जाते. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो आणि त्याला ना रंग असतो, ना वास. माझ्या आईने शेगडी खोलीत आणली, तेव्हा भांडण न करता मी तिला बाळाच्या डोळ्यांतून येणारे पाणी दाखवले. दुसऱ्या दिवशी शेगडी अंगणात गेली आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापू लागली.

आहाराबाबत आपली परंपरा बहुतांशी बरोबर आहे. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ६०० कॅलरी अधिक लागतात. एक बाजरीची भाकरी, वाटीभर वरण, एक डिंकाचा लाडू आणि पेलाभर दूध एवढे नेहमीच्या जेवणाखेरीज घेतले की ती गरज जवळजवळ भागते. प्रत्येक चहाबरोबर लाडू घेतल्यास हिशेब अर्थातच चुकतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे ही समजूत सोडून द्यावी. लोहाची गोळी प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायची असते. ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर, दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नये, कारण मग लोह नीट शोषले जात नाही. मी लोह जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्यासोबत आणि कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर घेत असे.

थांबू नये अशी लक्षणे: तासाभरात पॅड पूर्ण भिजवणारा रक्तस्राव, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे धूसर दिसणे, छातीत दुखणे, धाप लागणे. यांपैकी काहीही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सकाळ होण्याची किंवा कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये.

सहाव्या आठवड्याचा दिवस

बाळाच्या पहिल्या मोठ्या लसी सहाव्या आठवड्यात असतात आणि आईची तपासणीही त्याच सुमारास व्हायला हवी. म्हणून दोन्ही एकाच दिवशी ठरवाव्यात. बाळाला पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल या लसी मिळतात व पुढे दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत पुन्हा जावे लागते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत, नाशिकरोडच्या बिटको रुग्णालयात, कठड्यावरील डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात त्या विनामूल्य दिल्या जातात. माता-बाल संरक्षण कार्ड न विसरता न्यावे. लस टोचल्यानंतर एक-दोन दिवस बाळ तापलेले आणि किरकिरे असते, त्यामुळे त्या आठवड्यात आईने कोणताही नवा व्यायाम सुरू करू नये. कॅलेंडरवर लसीच्या तारखांना गोल करताना मी शेजारीच 'जुनेच चालू' असे लिहून ठेवले होते.

बाळाची तपासणी होते आणि आईची राहून जाते, असे फार वेळा घडते. डॉक्टरांसमोर बसल्यावर स्वतःच्या पाच गोष्टी विचाराव्यात: रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाक्यांची स्थिती, लघवीवरील ताबा आणि पुढील गर्भनिरोधनाचा उपाय. गरोदरपणात मधुमेह निघाला असल्यास सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान साखरेची चाचणी पुन्हा करावी लागते. पाळी अद्याप आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असे समजू नये.

पोटाच्या मध्यरेषेतील फट घरीच पाहता येते. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, बोटे बेंबीच्या जरा वर आडवी ठेवावीत आणि डोके किंचित उचलावे. दोनपेक्षा अधिक बोटे आत जात असतील किंवा पोटाच्या मध्यभागी डोंगराच्या सोंडेसारखा उंचवटा येत असेल, तर उताणे झोपून उठून बसण्याचे पोटाचे व्यायाम (सिट-अप्स), प्लँक आणि सूर्यनमस्कार तूर्त बाजूला ठेवून फिजिओथेरपिस्टला दाखवावे. ही फट पुष्कळ जणींना असते आणि योग्य व्यायामाने बरीच भरून येते.

दीड ते तीन महिने: चालणे आणि सतरंजी

या टप्प्यावर चालण्याइतका चांगला व्यायाम नाही. सपाट जागेवर दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसूत स्त्रियांसाठी आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायामाचे जे प्रमाण सांगितले आहे, ते गाठण्याची घाई नसावी. तीन महिन्यांत पोहोचलात तरी पुरे आहे. निघण्यापूर्वी बाळाला पाजून घ्यावे, म्हणजे छाती जड राहत नाही. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही.

कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लब मैदानाभोवतीचा ट्रॅक यासाठी सोयीचा आहे, कारण तिथे चढ-उतार नाहीत आणि बसायला जागा मिळते. आपल्या फुटपाथांवर बाबागाडी चालवणे हा मात्र वेगळाच व्यायाम आहे. दर वीस पावलांवर उचलाउचल करण्यापेक्षा ती ट्रॅकपर्यंत रिक्षातून नेलेली बरी. थंडीत नऊनंतर, एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत, आणि पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये चकरा माराव्यात. बाळाला छातीशी बांधून चालायचे असल्यास त्याचा चेहरा सतत दिसायला हवा, हनुवटी छातीला टेकता कामा नये आणि मांड्या बेडकासारख्या फाकलेल्या राहायला हव्यात.

येथे माझी फजिती सांगणे भाग आहे. पहिल्या बाळाच्या वेळी, दहाव्या आठवड्यात, पुण्याहून आलेल्या नणंदेबरोबर मी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून गेले. चढताना काहीच वाटले नाही. उतरताना मात्र खाली काहीतरी ओघळून येत असल्यासारखे जडपण आले आणि एका शिंकेसरशी कपडे ओले झाले. पुढचे दोन दिवस उभे राहून पोळ्या लाटता आल्या नाहीत. व्यायाम झेपला की नाही याचा निकाल दुसऱ्या दिवशी लागतो, हे तेव्हा कळले: खाली ओढ, लघवीची गळती, पुन्हा लालभडक रक्तस्राव किंवा टाक्यांत ठणका यांपैकी काही जाणवले, तर मागच्या आठवड्याच्या मापावर परत जावे.

सतरंजीवरचे दोन व्यायाम या काळात पुरेसे आहेत. पहिल्यात उताणे झोपून, गुडघे दुमडून, श्वास सोडत एक टाच हळूहळू पुढे सरकवायची आणि श्वास घेत परत आणायची. दुसऱ्यात त्याच स्थितीत श्वास सोडत कंबर जमिनीपासून उचलायची आणि एक एक मणका टेकवत खाली यायचे. दोन्ही दहा-दहा वेळा करावेत. याच वेळी जागे असलेले बाळ शेजारी पालथे ठेवावे. पालथे राहिल्याने त्याची मान आणि खांदे बळकट होतात आणि सतत पाठीवर झोपून डोके चपटे होण्याचे प्रमाणही कमी होते. सुरुवातीला बाळ दोन मिनिटांत रडू लागते. तेवढ्यात एक पाय होतो, मग त्याला उचलावे आणि दुसरा पाय दुपारी करावा.

घरातले निर्णय कोणी घ्यायचे

अर्धी दमछाक निर्णयांमुळे होते, कारण प्रत्येक लहान गोष्टीवर घरात चर्चा बसते. मी सगळे निर्णय तीन ढिगांत वाटून टाकले आणि घर बरेच शांत झाले. काही गोष्टींवर वैद्यकशास्त्राने निकाल दिलेला आहे, तिथे चर्चा करायचीच नाही. सहा महिने फक्त आईचे दूध, वरून पाणीही नाही. एक वर्षाच्या आत मध नाही, कारण त्यातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. डोळ्यांत काजळ नाही, नाका-कानांत तेल नाही. झोपवताना बाळ पाठीवर, आपल्याच खोलीत पण स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर, सैल दुलई आणि राईची उशी दोन्हींविना. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून बांधायचे नाहीत, कारण त्याने खुब्याचे सांधे बिघडू शकतात.

दुसऱ्या ढिगात, कसेही केले तरी चालते अशा गोष्टी येतात: आंघोळ सकाळी की दुपारी, टोपडे कोणत्या रंगाचे, पाचवीला कोणाला बोलवायचे, बाळाला तीट कुठे लावायची. हे सर्व निर्णय मी सासूबाईंकडे सोपवले आणि मनापासून सोपवले. त्यामुळे पहिल्या ढिगातील बाळगुटीचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी माझे ऐकून घेतले. सहाण त्यांनी आधीच काढून ठेवली होती. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग सगळे पुरचुंडीत तयार होते. बालरोगतज्ज्ञांकडे मी त्यांनाच सोबत नेले आणि प्रश्नही त्यांनाच विचारू दिला. सूनबाईचा नकार आणि डॉक्टरांचा नकार यांत आपल्याकडे फार फरक असतो.

तिसऱ्या ढिगातील निर्णय केवळ आईचे, कारण त्यांची किंमत तिचे शरीर मोजते: रात्री पाजल्यानंतर बाळाला ढेकर कोणी काढायचा, पाहुणे किती वाजेपर्यंत थांबतील, दुपारी ती झोपली असताना तिला उठवायचे की नाही. इथे नवऱ्याने बोलायचे असते. रात्रीचा ढेकर आणि लंगोट त्याने सांभाळला, तर आईला सलग तीन-चार तासांची झोप मिळते, आणि त्या झोपेवाचून कोणताही व्यायाम अंगी लागत नाही.

दूध पुरते का, ही शंका या सर्वांवर स्वार असते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल आणि कार्डावरील वजनाची रेषा वर जात असेल, तर दूध पुरते आहे. रडणे हे त्याचे माप नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत कारणाविना रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ओसरते. ते त्यापुढेही टिकले, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, बाळ झोपले तरी झोप लागत नसेल, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते व त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला, तर एकटे न राहता ताबडतोब कोणाला तरी सांगावे.

तीन महिन्यांनंतर

धावणे, झुंबा, दोरीउड्या आणि जिममधील वजने यांना तीन महिन्यांआधी हात लावू नये. त्यानंतरही एक छोटी परीक्षा घ्यावी: अर्धा तास भरभर चालता येते का, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का, जागच्या जागी दहा उड्या मारताना गळती होते का. तिन्ही जमले तरच एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असा आरंभ करावा. जिममध्ये प्रसूती कधी आणि कशी झाली हे प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगावे; ऐकून न घेता थेट सिट-अप्स करायला लावणारा प्रशिक्षक मला भेटला होता, आणि भरलेली फी सोडून मी तिथून बाहेर पडले. वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरले तर दुधाला बाधा येत नाही, त्याहून घाई नको.

कामावर परतताना

पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी रजा संपण्याच्या महिनाभर आधीच मनुष्यबळ विभागाकडे याची लेखी विचारणा करावी. काढून ठेवलेले दूध साधारण २५ अंश तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. नाशिकच्या मे महिन्यात ते काढल्याबरोबर फ्रिजमध्येच ठेवावे. दूध काढण्याची सवय रुजू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे लावून घ्यावी, आणि त्या आठवड्यांत व्यायाम वाढवू नये.

सहा महिने पूर्ण झाल्यावर

नाचणीचे सत्त्व, मऊ वरण-भात, कुस्करलेले केळे, एका वेळी एकच नवा पदार्थ आणि मध्ये तीन दिवसांचे अंतर. वर्षभर वरून मीठ-साखर घालू नये. आपल्या नाशिकची म्हणून एक खास सूचना: जानेवारीपासून घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात आणि आजोबा कौतुकाने नातवाच्या तोंडी अख्खा मणी घालतात. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बरोबर बसते. पाच वर्षांपर्यंत ते उभे चिरून, चार फोडी करून आणि बिया काढूनच द्यावे.

एव्हाना बाळाचे वजन जन्माच्या दुपटीहून अधिक झालेले असते आणि ते दिवसातून तीस-चाळीस वेळा उचलावे लागते. उचलताना आधी त्याच्या अगदी जवळ जावे, एक पाय पुढे टाकून गुडघ्यांत वाकावे, बाळाला छातीशी घट्ट धरावे, श्वास सोडत ओटीपोटाचा तळ वर ओढून घ्यावा आणि मगच मांड्यांच्या जोरावर उभे राहावे. कडेवर घेताना एकदा डावी, एकदा उजवी अशी बाजू बदलावी. मी मुलीला फक्त उजवीकडे घेत राहिले आणि फिजिओथेरपिस्टने माझा कमरेचा तिरपेपणा आरशात दाखवला, तोवर ती नऊ महिन्यांची झाली होती.